कागद नसलेला लेसर

मंडळी, इंदूर म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला आधी पोहे-जिलबी आठवते, मग सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली, आणि मग राजवाडा, अहिल्याबाई. पण इंदूरची आणखी एक ओळख आहे आणि ती आपल्या दोन्ही भाषांच्या घरांना जवळची वाटावी अशी आहे. शहराबाहेर सुखनिवासजवळ अणुऊर्जा खात्याची एक मोठी संस्था आहे. तिची कोनशिला १९ फेब्रुवारी १९८४ रोजी राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते बसली. १९८६ च्या जूनमध्ये मुंबईच्या भाभा केंद्रातून शास्त्रज्ञांची पहिली तुकडी तिथे राहायला गेली आणि काम सुरू झालं. लेसर आणि प्रवेगक ही त्या संस्थेची दोन मुख्य कामं. २००५ च्या डिसेंबरात तिला राजा रामण्णा यांचं नाव दिलं गेलं. हे रामण्णा आपल्या कर्नाटकातल्या तुमकूरचे. संस्थेचे संस्थापक संचालक मात्र डॉ. दि. दे. भवाळकर. म्हणजे नाव कानडी माणसाचं आणि सुरुवातीचा कारभार मराठी माणसाचा! आपल्या सीमाभागात पाटीवरून भांडणं होतात, तिकडे माळव्यात दोघं एका फाटकातून आत गेले.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन इंदूरला गेली त्याला तीसच्या वर वर्षं झाली. तिची मुलं हिंदीत भांडतात, मराठीत जेवतात आणि आजोळी निपाणीला आली की आमच्या सौ.कडून कानडी म्हणी शिकून जातात. थोरली भाची तिथल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. गेल्या जानेवारीत तिचा फोन आला. ‘मामा, तुम्ही हातातलं सगळं सोडून या. लेसर मिळालाय. पण त्याचे कागद नाहीत.’

मी आयुष्यभर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले. लेसर माझा विषय नव्हे. पण ‘कागद नाहीत’ हा माझा विषय आहे. आमच्या दुकानात येणाऱ्या शंभरातल्या नव्वद वस्तूंना कागद नसत. हुबळीचे माझे उस्ताद अशा वेळी एकच शब्द म्हणत, ‘नोडोण’. बघू या. ‘गोत्तिल्ल’, माहीत नाही, असं म्हणून त्यांनी गिऱ्हाईक परत पाठवलेलं मला आठवत नाही.

लेसर कुठून आला, तर एका संस्थेने प्रयोगशाळेचं नूतनीकरण काढलं आणि जुनी उपकरणं किलोवर विकली. कपाटातली माहितीपुस्तकं रद्दीत वेगळी गेली. ते उपकरण वर्षानुवर्षं चालवणारे सहायक निवृत्त होऊन पुढे वारलेही होते. भाचीने भंगारवाल्याकडून तो काळा नळकांडा उचलला तेव्हा त्याच्या बुडातून दोन तारांचा एक प्लग लोंबत होता, एवढंच. विजेचा पुरवठा करणारा डबा गायब. तिच्या प्राचार्यांचं म्हणणं सरळ होतं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनापर्यंत चालला आणि सुरक्षित असला तर प्रयोगशाळेत जागा देऊ, नाहीतर तो परत भंगारात जाईल. मुलांच्या हाताशी अर्धवट यंत्र नको. यात चुकीचं काही नव्हतं.

आता हा लेसर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. जगातला पहिला लेसर माणकाच्या कांडीचा, १९६० च्या मे महिन्यातला. त्याच वर्षी १२ डिसेंबरला अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत अली जावान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिला वायूचा लेसर चालवला. हेलियम आणि निऑन या दोन वायूंचा. त्याचा किरण डोळ्यांना न दिसणारा होता. लाल किरण १९६२ मध्ये मिळाला. दुकानातल्या मालावरच्या काळ्या रेघा वाचणारं यंत्र १९७४ मध्ये अमेरिकेत प्रथम चाललं, त्यातही हाच लाल लेसर होता. आणि १९६४ मध्ये त्याच बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साईडचा लेसर शोधणारे कुमार पटेल हे जन्माने बारामतीचे आणि शिकले पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजात. आज पत्रे कापायला आणि शस्त्रक्रियेला जो वायूचा लेसर वापरतात तो हा. इंदूरच्या संस्थेनेही तसे लेसर स्वतः बनवले.

आमच्या हातातली नळी हेलियम-निऑनची होती हे कशावरून ओळखलं? नळकांड्याचं मागचं झाकण उघडलं तर आत साधारण सत्तावीस सेंटीमीटर लांबीची काचेची नळी. तिच्या मधोमध केसाएवढी नव्हे पण जेमतेम मिलिमीटरभर पोकळी असलेली बारीक काचनळी आणि तिच्याभोवती ॲल्युमिनियमचा लांब डबा. दोन्ही टोकांना आरसे. पाण्याचा नळ नाही, पंखा नाही, जाड तारा नाहीत. कार्बन डायऑक्साईडच्या काचेच्या नळीला गार करायला पाणी लागतं. आर्गनच्या लेसरला अँपिअरमध्ये प्रवाह लागतो, म्हणून त्याच्या तारा बोटाएवढ्या असतात. इथे पातळ तारा म्हणजे प्रवाह थोडा, पण रबर जाड म्हणजे व्होल्टेज भरपूर. वस्तूच आपली माहिती सांगत असते, ऐकणारा हवा.

इथेच एक इशारा देऊन ठेवतो. कुणाला भंगारात मोठा आर्गन लेसर मिळाला तर तो उघडू नका. त्याच्या आतल्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साईड असू शकतं आणि ते फुटून उडालेली धूळ फुफ्फुसाला घातक असते. कार्बन डायऑक्साईडच्या लेसरचा किरण तर दिसतच नाही आणि भाजतो. आमचं काम त्यातल्या त्यात गरीब स्वभावाच्या लेसरशी होतं.

पहिला प्रश्न, नळी जिवंत आहे का? नळीत हवेच्या दाबाच्या काही सहस्रांशाएवढाच वायू असतो. बाहेरची हवा आत शिरली की खेळ संपला. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत काचेच्या आतून एक चकचकीत डाग असायचा, आठवतो? तो डाग उरलीसुरली हवा शोषून घेतो. तो दुधासारखा पांढरा झाला की आम्ही व्हॉल्व्ह फेकून द्यायचो. या नळीतही तसाच डाग होता आणि तो आरशासारखा चकाकत होता. मी भाचीला म्हटलं, ‘पेशंटचा श्वास चालू आहे.’

दुसरा प्रश्न, कुठली तार अधिक आणि कुठली उणे? हा सगळ्यात महत्त्वाचा. ॲल्युमिनियमचा मोठा डबा ही उणे बाजू. उलट जोडलं तर दुसऱ्या टोकाच्या छोट्याशा धातूचे कण उडून नळी आणि आरसा खराब होतो. म्हणून अंदाजाने प्लग खुपसायचा नाही. मीटर लावून पाहिलं. प्लगच्या एका टोकापासून डब्यापर्यंत सरळ जोड होता. दुसऱ्या टोकापासून नळीच्या छोट्या टोकापर्यंत पंच्याहत्तर किलो-ओहमचा रोध दिसला. म्हणजे ती अधिक बाजू, आणि हा रोध बनवणाऱ्याने मुद्दाम बसवलेला.

हा रोध कशाला? आपल्या घरातल्या जुन्या ट्यूबलाइटचं उदाहरण घ्या. तिला पेटायला स्टार्टरचा धक्का लागतो आणि पेटल्यावर चोक लागतो. कारण पेटलेला वायू विचित्र वागतो. प्रवाह वाढला की त्याचा विरोध कमी होतो, म्हणून प्रवाह आणखी वाढतो. आवरायला कुणी नसेल तर नळी स्वतःला जाळून घेते. लेसरच्या नळीला पेटायला सात ते दहा हजार व्होल्टचा क्षणभर धक्का लागतो. पेटल्यावर या लांबीच्या नळीला तेराशे-चौदाशे व्होल्ट पुरतात. प्रवाह सहा मिलिअँपिअरच्या आसपास धरला तर रोधावर साडेचारशे व्होल्ट पडतात. बेरीज साधारण अठराशे. हा हिशोब कागदावर मांडला आणि मग त्या बेरजेत बसणारा विजेचा डबा शोधायला लागलो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या जुन्या मालाच्या एका दुकानातून तो मिळाला. वर लिहिलेलं वाचता येत होतं आणि प्रवाह कमी-जास्त करायचा बारीक स्क्रूही बाजूला होता.

जोडण्याआधी मी भाचीच्या हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ सगळं काढायला लावलं. बहिणीला ते आवडलं नाही. संक्रांतीचे दिवस, सवाष्णीचे हात मोकळे! पण दोन हजार व्होल्ट सण बघत नाहीत. शिवाय चकचकीत बांगडीवरून परतलेला किरण डोळ्यात गेला तर आणखी वेगळं संकट. बाकीचे नियम टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतात. एक हात खिशात. एकट्याने काम करायचं नाही. स्विच बंद केला म्हणजे वीज गेली असं नाही, कारण कपॅसिटर ती धरून ठेवतात आणि ही नळीही थोडी धरते. प्लग काढायचा, थांबायचं, रोधातून वीज जमिनीत उतरवायची आणि मगच हात लावायचा. खरं सांगायचं तर या लेसरचा किरण डोळ्याला इजा करू शकतो, पण जीव घेऊ शकते ती त्यामागची वीज.

मीटर उणे बाजूच्या तारेत, जमिनीला जोडलेल्या टोकाशी लावलं, म्हणजे मीटरवर जास्त व्होल्टेज येत नाही. प्रवाह कमीत कमी ठेवून स्विच दाबला. टिक, टिक, टिक. नळीत क्षणभर उजेड येई आणि विझे. वर्षानुवर्षं पडून राहिलेली नळी पेटायला कुरकुर करतेच. हळूहळू प्रवाह वाढवला आणि चारच्या पुढे गेल्यावर आवाज थांबला. आतल्या बारीक पोकळीत नारिंगी उजेडाची सरळ रेघ उभी राहिली. जांभळट-गुलाबी रंग असता तर हवा शिरलेली समजायची. हा रंग निरोगी होता. बहीण दारातून म्हणाली, ‘झालं का?’

झालं नव्हतं. भिंतीवर लाल ठिपका नव्हता.

नळी पेटली म्हणजे लेसर चालला असं नव्हे. हेलियमचे अणू विजेच्या माऱ्याने तापलेल्या डोक्याचे होतात आणि धडकेत आपली ऊर्जा निऑनला देतात. निऑन ती लाल उजेडाच्या रूपाने सोडतो. पण एका फेरीत हा उजेड अगदी थोडा वाढतो, शेकड्याला एक-दोन. म्हणून तो दोन आरशांमध्ये पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो. आरसे एकमेकांना अगदी समांतर नसतील तर उजेड दोन-चार फेऱ्यांत बाजूला निसटतो आणि किरण जन्मालाच येत नाही. भंगाराच्या ढिगात या नळकांड्याने बरीच आपटाआपट सोसली असणार.

आरसा जिथे बसवलेला असतो तो धातूचा गळा किंचित वाकू शकतो. मी सुकलेली लाकडी काठी घेतली आणि उणे बाजूच्या, म्हणजे जमिनीला जोडलेल्या टोकाचा गळा अगदी हलकेच एका बाजूला दाबला. काही नाही. दुसऱ्या बाजूला दाबला. काही नाही. तिसऱ्या बाजूला दाबताच भिंतीवर लाल ठिपका चमकला आणि काठी उचलताच गेला. भाची ओरडलीच! मला पन्नास वर्षांपूर्वी पहिला ट्रान्झिस्टर बोलला होता त्या दिवसाची आठवण झाली.

मग वीज बंद केली आणि वाट पाहिली. गळ्यावर तीन स्क्रूंची छोटी कडी बसवली आणि त्याच दिशेला केसभर ताण दिला. पुन्हा चालू, पुन्हा बंद. असं तीन दिवस संध्याकाळी चाललं. तिसऱ्या दिवशी ठिपका आला आणि राहिला.

आता कागद नसताना बरोबर प्रवाह किती हे कसं ठरवायचं? या लेसरचा एक गुण आहे. प्रवाह वाढवत नेला की उजेड वाढतो, पण एका ठिकाणानंतर उलट कमी होऊ लागतो. जास्त वीज म्हणजे जास्त उजेड हा आपला घरगुती हिशोब इथे लागू पडत नाही. बागेतल्या दिव्याची छोटी सोलर पट्टी आणि साधा मीटर घेऊन भाचीने एकेका पायरीला आकडे लिहिले. आधी अर्धा तास लेसर तापू दिला, कारण नळी तापताना लांबते आणि उजेड श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो. तिच्या आलेखाचं शिखर सहा आणि साडेसहाच्या मध्ये आलं.

तेव्हा तिला झाकणाची आठवण झाली. मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने ‘६.२’ असं लिहिलेलं होतं. आम्ही ती तारीख समजलो होतो, ६ फेब्रुवारी. ती तारीख नव्हती. तो प्रवाह होता. कागद गेले, पुस्तकं गेली, माणूस गेला. पण त्या सहायकांनी पुढच्यासाठी एक आकडा ठेवला होता आणि आम्ही दुसऱ्या वाटेने जाऊन त्याच आकड्यापाशी पोचलो होतो. भाची बराच वेळ ते झाकण हातात घेऊन बसली.

शेवटची परीक्षा किरणाची. पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून किरण जुन्या सीडीवर सरळ सोडला. सीडीवरच्या रेघांमध्ये १.६ मायक्रोमीटरचं अंतर असतं. पुठ्ठा आणि सीडीत एक मीटर अंतर ठेवलं तर ६३२.८ नॅनोमीटरच्या लाल किरणाचे ठिपके भोकाच्या दोन्ही बाजूंना सुमारे ४३ सेंटीमीटरवर पडले पाहिजेत. पट्टी लावली. पडले. शिवणाच्या टेपने उजेडाची लांबी मोजता येते हे बहिणीला त्या दिवशी पटलं, आणि टेप परत मिळाली नाही हेही ती अजून बोलून दाखवते.

तुम्ही विचाराल, रस्त्यावर शंभर रुपयांत लेसरची पेन्सिल मिळते, मग एवढा खटाटोप कशाला? मीही विचारलं. भाचीचं उत्तर असं. पेन्सिलीत मुलांना ठिपका दिसतो, पण तो कुठून आला ते दिसत नाही. या नळीत वायू पेटलेला दिसतो, आरसे दिसतात, आरसा किंचित हलवला की किरण मरतो तेही दिसतं. शिवाय या किरणाच्या लाटा दूरवर एकमेकींशी ताल धरून चालतात. व्यतिकरणाचे पट्टे दाखवायला आणि होलोग्राम घ्यायला तो त्या स्वस्त पेन्सिलीपेक्षा भरवशाचा. मला तिचं म्हणणं पटलं. तरी माझं स्वतःचं कारण वेगळं आहे. न कळणारी वस्तू शांतपणे, जीव सांभाळून, पायरी-पायरीने कळून घेता येते, हे मुलांनी एकदा डोळ्यांनी बघावं. आमच्या सौ.ने शिकवलेली म्हण भाचीनेच मला ऐकवली, ‘कै केसरादरे, बायि मोसरु’. हात चिखलात घातले तर तोंडात दही पडतं.

२८ फेब्रुवारीला लेसर कॉलेजात लागला. विजेचा डबा बंद पेटीत, पेटीला किल्ली, झाकण उघडताच वीज तोडणारा स्विच, किरण डोळ्यांच्या पातळीच्या खाली आणि शेवटी त्याला अडवणारा काळा ठोकळा. एवढं झाल्यावरच प्राचार्यांनी सही केली. भाचीने चार पानांचं माहितीपत्रक हिंदीत आणि इंग्रजीत लिहिलं. एक मराठी प्रत मला पाठवली. तिच्यात तारांची आकृती आहे, काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही ते आहे, आणि ‘६.२ हा आकडा पूर्वीच्या सहायकांचा’ अशी नोंदही आहे.

तर वाचकहो, या रविवारी एक छोटं काम करा. घरातली पाण्याची मोटर, शिलाई मशीन, इन्व्हर्टर, आजोबांचा रेडिओ, जे काही असेल त्याच्या झाकणाच्या आतून एक कागद चिकटवा. कुठली तार कुठे जाते, कुठला भाग कधी बदलला, कशाला हात लावायचा नाही, एवढंच लिहा आणि खाली तारीख घाला. मराठीत लिहा, कानडीत लिहा, घरात जी वाचली जाते त्या भाषेत लिहा. मात्र पेन्सिलीने लिहा. शाई पुसट होते, पेन्सिल टिकते.